'बॅनरलॉर्ड': तलवार हवीच, पण आधी रसद

'माउंट अँड ब्लेड २: बॅनरलॉर्ड' हा मध्ययुगीन धाटणीचा, फौज उभारून लढायचा व्हिडिओ गेम मी कित्येक महिने खेळते आहे आणि अजून कंटाळले नाही. घ्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम 'हो' आहे. मात्र ट्रेलरमधल्या मोठमोठ्या लढायांवर भुलून घेऊ नका, त्या लढायांपर्यंत पोहोचण्याची धडपडच जास्त रंगते.

काळ १०८४, जागा कॅलरेडिया हा काल्पनिक खंड. सम्राट अरेनिकोसचा खून झालाय आणि साम्राज्याची तीन शकलं झालीत: एक त्याच्या विधवेकडे, म्हणजे रागेआकडे, दुसरं सिनेटच्या ल्यूकॉनकडे, तिसरं सैन्याच्या लाडक्या गारिओसकडे. भोवती व्लँडिया, बटानिया, स्टर्जिया, असेराई आणि खुझैत ही राज्यं टपून बसलेली. मुख्य कथानक बेताचं आहे. सरळ सँडबॉक्स, म्हणजे कथानकाविना मोकळेपणी खेळायचा प्रकार, निवडा.

सुरुवातीला हाताशी मूठभर गावकरी आणि थोडेच दिनार असतात. तेव्हा सगळी स्ट्रॅटेजी पगार, धान्य आणि वेग या तीन गोष्टींत सामावते. नुसत्या धान्यावरही फौज जगते, पण सोबत मासे, मांस, चीज, खजूर असलं की सैनिकांचं मनोधैर्य चढतं. पायदळासाठी जादा घोडे घेतले तर तुकडी झपाट्याने सरकते, गरजेपेक्षा जास्त जनावरं झाली की तीच रेंगाळायला लावतात. जंगलात, बर्फात आणि रात्री सगळ्यांचाच वेग घटतो, त्यामुळे कुठे गाठायचं आणि कुठे निसटायचं हे नकाशा बघूनच ठरतं.

या जगाचं अर्थकारण तर मला फार आवडतं. गाव लुटलं की तिथले शेतकरी बाजाराला जात नाहीत, शहरात धान्य कमी पडतं, भाव चढतात. वेढा घालण्याआधी आसपासची गावं लुटली तर शहराची कोठारं आधीच रिती होऊ लागतात. पण तिथली प्रतिष्ठित माणसं मग तुमच्यावर नाराज होतात आणि त्यांच्याकडून चांगले जवान मिळणं अवघड होतं. उद्या ते शहर तुमच्याच ताब्यात आलं, की ही नाराजी तुम्हालाच निस्तरावी लागते.

लढाईत चार दिशांनी वार आणि चार दिशांनी बचाव, सगळं माऊसच्या हालचालीवर. माझा आवडता डाव असा: बटानियाचे फियान तिरंदाज टेकडीवर, त्यांच्यापुढे ढालींची भिंत, घोडदळ बगलेला. शत्रू भिंतीला भिडला की घोडदळ त्याच्या पिछाडीवर घालायचं. असा डाव साधला की अक्षरशः अंगावर काटा येतो! खुझैतांचे घोडेस्वार तिरंदाज मात्र भिडतच नाहीत, भोवती फिरत बाण सोडत राहतात. तिथे ढालवाले पुढे ठेवा, तिरंदाज वाढवा आणि घोडदळाला पाठलागावर मुळीच सोडू नका.

वेढ्यांच्या लढाया तेवढ्या जमलेल्या नाहीत. सैनिक शिड्यांपाशी खोळंबतात. म्हणून थेट सुलतानढवा करण्याआधी ट्रेब्युशे, म्हणजे तटावर दगड फेकणारी यंत्रं, बांधा, प्रत्येक बांधून झालं की राखीव ठेवा आणि मग सगळी एकदम उभी करा. एकेक उभं केलं तर तटावरची यंत्रं ते फोडून टाकतात.

जहागीर मिळाल्यावर खेळाची चव बदलते. शहराची संस्कृती तुमच्याहून वेगळी असेल तर निष्ठा घसरत जाते आणि शेवटी बंड होतं. त्याच संस्कृतीचा साथीदार गव्हर्नर नेमला की बरंच सावरतं. पण पकडलेले सरदार निसटून पुन्हा फौज उभी करतात, एक तह होतो न होतो तोच दुसरं युद्ध पेटतं. इथे मुत्सद्देगिरीला आणखी वाव हवा होता. त्यामुळे एखाद्या राज्याचं मांडलिक व्हायची घाई करू नका असंच मी सांगेन. तुमच्या घराण्याच्या दर्जाची पहिली पायरी गाठली की भाडोत्री म्हणून लढता येतं, कमावलेल्या प्रभावाचे (राज्यातल्या वजनाच्या गुणांचे) दिनार होतात आणि नको वाटेल तेव्हा करार सोडताही येतो.

अर्ली ॲक्सेस, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला खुली केलेली आवृत्ती, मार्च २०२० मध्ये आली, पूर्ण आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्यामुळे सुरुवातीच्या काळातली परीक्षणं वाचून मत बनवू नका. कॉम्प्युटर जुना असेल तर लढाईतली सैनिकसंख्या १,००० वरून खाली आणा, मोठ्या लढाईतही खेळ अडखळणार नाही.