सायलेन्सर, कोन फिल्टर आणि ट्यूनिंगची डबी: विदर्भाच्या रस्त्यांवर काय घ्यावे, काय टाळावे

यवतमाळ असो, वाशीम असो की गडचिरोली, तालुक्याच्या ठिकाणच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मोटारसायकलसाठी तीन प्रकारचा माल दिसतो. दोन-तीन हजारांत मिळणारा, पंजाब किंवा इंदोरी नावाने विकला जाणारा सरळ नळा. त्याच्या कितीतरी वरच्या किमतीचा ब्रँडेड स्लिप-ऑन, म्हणजे फक्त मागचा सायलेन्सरचा डबा. आणि बेंडपाइपसकट, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या पाइपासकट, पूर्ण सिस्टिम, जिच्यासोबत दुकानदार कोन फिल्टर (उघडा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) आणि इंधनाचे प्रमाण बदलणारी ट्यूनिंगची डबीही हातात ठेवतो. पावतीवर दिसते ती यांची खरी किंमत नव्हे. गाडी वॉरंटीत असेल किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली, तर उरलेली किंमत तेव्हा मोजावी लागते.

इंदोरी नळा घेऊच नये. त्याच्या आत आवाज अडवणारे पडदे नसतात आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही नसतो. कायद्याने १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८० डेसिबल आणि ८० ते १७५ सीसीच्या गाडीला ७७ डेसिबल ही आवाजाची मर्यादा कारखान्यातच पाळावी लागते. हा नळा तिच्या आसपासही राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय ३ महिने लायसन्स अपात्र ठरते. कलम १८२अ(४) वेगळेच: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पत्रा पातळ असल्याने हँगरजवळचे (नळा गाडीला टांगणाऱ्या पट्टीजवळचे) वेल्डिंग पांदण रस्त्याच्या हादऱ्यांनी तडकते. मग नळ्याचे सगळे वजन इंजिनाच्या हेडमध्ये बसवलेल्या स्टडवर (आट्यांच्या खिळीवर) येते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड तुटला की तो काढून नवे आटे बसवावे लागतात. वॉरंटीत हे काम कोणी करून देत नाही आणि त्यात सर्व्हिस सेंटरची काही चूकही नाही.

स्लिप-ऑनमध्ये विचार करण्याजोगा माल आहे, पण आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहे ते बघा. बेंडपाइपचा किंवा मधल्या पाइपचा एक भाग फुगलेला असेल तर तो बहुधा तिथे असतो आणि स्लिप-ऑन लावल्यावर जागेवर राहतो. सायलेन्सरच्या डब्यातच असेल तर डबा काढताच तोही गेला. मग ती गाडी धुराच्या निकषात बसणार नाही, पीयूसीच्या वेळीही अडचण येईल. डीबी किलर, म्हणजे तोंडाशी बसणारी आवाज कमी करणारी नळी, रिव्हेटने पक्का बसवलेला असावा. एका स्क्रूवर निघणारा डीबी किलर दुकानातच काढून देतात आणि तिथून तो इंदोरी नळाच होतो. ताकदीची मोठी अपेक्षा ठेवू नका. वजन दोन-तीन किलो कमी होते, आवाज भरदार होतो, स्लिप-ऑनचा फायदा इतकाच. ज्याला एवढे पुरेसे वाटते त्याने गाडीच्या कंपनीचा, तिच्याच ॲक्सेसरीजच्या यादीतला आणि रस्त्यासाठी मंजूर असलेला सायलेन्सर अधिकृत डीलरकडून बसवून घ्यावा, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्यावा. वॉरंटीत असलेल्या गाडीला आमच्या मते एवढा एकच बदल परवडतो.

बसवण्यात हयगय झाली तर चांगला मालही वाया जातो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गंजलेल्या नटांवर सुटे करणारे तेल मारून थांबा, जोर लावू नका. बेंड उघडला असेल तर हेडचे गॅस्केट नवेच टाका. दबलेले रिंग पुन्हा नीट बसत नाही. सगळे नट आधी हाताने धरवा, मग हेडकडून मागे येत मॅन्युअलमधल्या टॉर्कने कसा आणि हँगरचा बोल्ट शेवटी घट्ट करा. उलट क्रमाने कसले तर पाइप ताणात राहतो. सुरू करून सांध्यांवर साबणाचे पाणी सोडा, बुडबुडे आले तर गळती आहे. शे-दोनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. गळतीतून हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला वाटते मिश्रणात पेट्रोल कमी पडले, ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज उतरते. थ्रॉटल सोडल्यावर फटफट फुटण्याचे कारणही बऱ्याचदा हाच सांधा असतो. मिस्त्रीने लगेच मिश्रणाला हात घालण्याआधी तो पाहावा.

आता ट्यूनिंग. बीएस-६ च्या इंजेक्शन गाडीत एकसारख्या थ्रॉटलवर ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सुधारत राहतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र ईसीयू आपल्या साठवलेल्या मॅपवर, म्हणजे किती पेट्रोल सोडायचे याच्या तक्त्यावर चालतो. एक्झॉस्ट मोकळा केला की इंजिन जास्त हवा घेते, पण त्या मॅपला ते कळत नाही आणि मिश्रण पातळ होते. त्यात पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आहे. एक किलो शुद्ध पेट्रोलला जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच इंधनात मिश्रण आणखी पातळ. एप्रिल २०२३ आधीच्या बऱ्याच गाड्या कमी इथेनॉलच्या हिशेबाने बांधलेल्या आहेत. चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हात, मागे बोरी लादून चढ चढणाऱ्या एअरकूल्ड इंजिनाला हे सोसत नाही: प्लगचे टोक पांढरे पडते, बेंड निळा होतो, पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. म्हणून पूर्ण सिस्टिम लावणाऱ्याला इंधनाचे ट्यूनिंग लागतेच. ते दोन प्रकारचे. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सच्या फ्युएलएक्ससारखी डबी कनेक्टर ते कनेक्टर बसते, मूळ ईसीयूत काही लिहीत नाही. रीमॅपमध्ये ईसीयूचा मॅपच बदलतो आणि डीलरच्या स्कॅनरला तो दिसू शकतो. दोन्हींत इंजिन आणि इंधन यंत्रणेची वॉरंटी गेली असे धरूनच पुढे जावे. वायर कापून जोडणाऱ्या स्वस्त डब्या तर हातात घेऊ नका. एकदा वायरिंगला काप गेला की पुढे हॉर्न बंद पडला तरी इलेक्ट्रिकलचा कुठलाच दावा धरला जात नाही.

कोन फिल्टर इकडच्या गाडीला लावणे म्हणजे इंजिनावर उठणे. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत काळ्या मातीची बारीक धूळ पांदणीवर तरंगत असते. एअरबॉक्स (मूळ फिल्टरची बंद पेटी) काढून उघडा फिल्टर लावला की ती रिंगा आणि सिलिंडर घासते, तेल जळू लागते, निळा धूर येतो. हेड उघडल्यावर धूळ दिसली की वॉरंटी नाकारायला सर्व्हिस सेंटरला दुसरे कारण लागत नाही.

वॉरंटी कंपनीप्रमाणे साधारण ३ ते ५ वर्षांची असते. सायलेन्सर बदलला म्हणून ती सगळी रद्द झाली असे डीलर तोंडी सांगतात. पुस्तिकेतली अट शब्दशः वाचा. बहुतेक वेळा इंजिन, एक्झॉस्ट, सेन्सर आणि वायरिंग एवढेच अडते. फोर्कचे सील गळत असेल तर त्याचा सायलेन्सरशी संबंध नाही आणि तो दावा मांडता येतो. नकार जॉबकार्डवर कारणासह लिहून मागा. मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका, गोणपाटात गुंडाळून घरी ठेवा.

विम्यात दोन भाग वेगळे समजून घ्या. थर्ड पार्टी सक्तीचा आहे. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर विमा कंपनीला पैसे न देण्याची मोजकीच कारणे कलम १५० मध्ये आहेत. त्यांत महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेणे आणि गाडी शर्यतीला वापरणे ही दोन आहेत, हे ट्यूनिंग करणाऱ्याने लक्षात ठेवावे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जास्त नाजूक. सर्वेअर फोटो काढतो, आरसी आणि पॉलिसीशी गाडी ताडतो, बदल नोंदवलेला नसेल तर दावा कापला किंवा नाकारला जातो. बदल करण्याआधी कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची लेखी नोंद मागा. बेकायदा सायलेन्सरची नोंद ती करणार नाही. तो लावू नये याचे तेही एक कारण. गाडी चोरीला गेली तर गोष्ट वेगळी: अटभंगाचा चोरीशी संबंध नसेल तर दावा पूर्ण फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या निकालात म्हटले आहे. पीयूसी नाही एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, हे विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये स्पष्ट केले. नकार आलाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते, तिथे फी नाही. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांची मुदत आहे आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

उष्णतेची ढाल नसलेला नळा असलेली गाडी सोयाबीनच्या कुटारावर किंवा वाळल्या पऱ्हाटीजवळ उभी करू नका, ते पेट घेते. आणि जुनी गाडी घेत असाल तर सौदा पक्का करण्याआधी मूळ सायलेन्सर आणि एअरबॉक्स सोबत मिळतो का ते विचारा. नसेल तर त्यांची नवी किंमत डीलरकडून काढून भावातून वजा करा.