रेल्वेवर पूल टाकायचाय: काँक्रीट की स्टील, क्रेनने उचलायचा की ओढून न्यायचा?

आरओबीचा, म्हणजे रेल्वेवरून जाणाऱ्या रस्त्याच्या पुलाचा, प्रस्ताव समोर आला की सगळे आधी टनाचा भाव विचारतात, आणि मला मनापासून वाटतं की सुरुवातच तिथे चुकते, कारण आधी विचारायला पाहिजे की खालची वाहतूक सलग किती तास बंद ठेवता येईल.

खाली साधा रस्ता असेल, रात्री डायव्हर्जन मिळत असेल आणि गाळा (दोन खांबांमधलं अंतर) 25-30 मीटरचा असेल, तर काँक्रीटचे गर्डर (पुलाच्या आडव्या तुळया) घ्या. स्वस्त पडतात, रंगकामाची कटकट नाही, दोन क्रेन लावल्या की एका रात्रीत दोन-तीन बसतात.

पण गाळा वाढला की वजन अंगावर येतं. बुलेट ट्रेनचंच बघा ना, तिथे काँक्रीटचा 40 मीटरचा बॉक्स गर्डर 970 टनांचा आहे आणि सुरतजवळ हायवेवर टाकलेला 70 मीटरचा स्टीलचा पूल 673 टनांचा, आता स्टीलवर स्लॅब नंतर पडतो हे धरलं तरी फरक केवढा आहे! शिवाय स्टीलचे तुकडे कारखान्यातून ट्रेलरवर येतात आणि बाजूला उभं राहून जोडता येतात, खालच्या रुळांना हात न लावता.

आता क्रेन की ओढणं? क्रेन पटकन काम करते, पण तिला उभं राहायला पक्की जागा लागते आणि वरून 25,000 व्होल्टची ओएचई (रेल्वेची वीजतार) गेलेली असेल तर पॉवर ब्लॉकशिवाय, म्हणजे वीज बंद करून घेतल्याशिवाय, बूम (क्रेनचा हात) हलवता येत नाही. म्हणून अंधेरीच्या गोखले पुलाचा 1300 टनांचा गर्डर पूर्वेला जोडून मग रुळांवरून पुढे सरकवला. ओढण्याचं काम जवळून बघितलं की लक्षात येतं ते किती सावकाश चालतं: खाली ग्रीस लावलेले टेफ्लॉनचे पॅड, जॅक एक स्ट्रोक मारतो, गर्डर थोडासा सरकतो, थांबतो, दोन्ही बाजूंची माणसं खडूच्या खुणा बघून एकमेकांना ओरडून आकडा सांगतात, एक बाजू जरा पुढे गेली तरी आधी ती सरळ करायची, मगच पुढचा स्ट्रोक. यात घाई अजिबात करू देऊ नका, ब्लॉक (गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ) संपत आला म्हणून तर मुळीच नाही. त्यापेक्षा दुसरा ब्लॉक मागा.

स्टीलची खरी अडचण नंतर सुरू होते. दर काही वर्षांनी रंग, बोल्टची तपासणी, आणि रुळांवरच्या भागाला रंग द्यायचा म्हणजे परत रेल्वेकडे ब्लॉक मागायचा. समुद्राजवळ गंज तर जास्तच लवकर धरतो. हा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात टाका, नाहीतर पुढे कुणी देत नाही.

जोडरस्त्याची उंचीसुद्धा आधीच मोजून घ्या. रेल्वेला रुळांवर जास्त उंची हवी असते, त्यामुळे नवा पूल वर चढतो, आणि गोखले पुलाची पहिली बाजू फेब्रुवारी 2024 मध्ये उघडली तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल त्याला जुळलाच नाही, तो नंतर जॅक लावून उचलावा लागला.

माझं मत विचाराल तर चालू रेल्वेवर, गाळा 35 मीटरच्या पुढे असेल तर स्टील आणि ओढूनच. रस्त्यावर, क्रेनला जागा असेल तर काँक्रीट. आणि ठेकेदार ठरवताना टनाच्या भावाआधी त्याने चालू रुळांवर किती गर्डर सरकवलेत ते विचारा.