बरोबर उत्तराला शून्य गुण : सेकंडहँड ३०९० आणि घरगुती बेंचमार्किंगचा अनुभव

माझ्या एनव्हीडिया ३०९० ग्राफिक्स कार्डाचा एक पंखा गेला आणि दुकानदाराने हात वर केले, म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर चालतंय तोवर कोण लिहितो! स्पेसिफिकेशन सांगत बसत नाही; ३०९० म्हणजे २४ जीबी मेमरी आणि ३५० वॅट हे वाचणाऱ्यांना माहीत असणारच. पासष्ट हजारांना सेकंडहँड घेतलं. लामा, क्वेन, जेमा वगैरे ओपन एआय भाषा-मॉडेल्स उतरवायची, एल्युथरएआयच्या हार्नेसवर, म्हणजे मॉडेल्सच्या ठरावीक परीक्षा घेऊन गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, परीक्षेला बसवायची आणि मराठीच्या कामाला कुठलं धरायचं ते ठरवायचं, एवढाच उद्योग.

दुकानाचं आधी उरकतो. पंखा अडकल्यावर कार्ड घेऊन गेलो तर गल्ल्यावरच्या माणसाने उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे रात्रभर चाललेलं कार्ड आहे. क्रिप्टो-मायनिंग केलंय तुम्ही." मी म्हटलं, "मायनिंग नाही हो, मॉडेलची परीक्षा घेतो." तो म्हणाला, "तेच ते." पावतीवर 'टेस्टिंग वॉरंटी' लिहिलेलं, आणि तिची मुदत कधीच संपलेली. घरी येऊन मूळ पंखे आणि वरचं प्लास्टिकचं कव्हर उतरवलं, पुण्याच्या तपकीर गल्लीतून १२० मिमीचे दोन केस-पंखे आणले आणि झिपटायने हीटसिंकवर आवळले. दिसायला भिकार, पण आवाज निम्म्याने कमी आणि तापमानही उतरलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं, असं आता कोणालाही सांगेन.

तापमानाबद्दल एकच सांगतो. एनव्हीडिया-एसएमआय ही कार्डाची स्थिती सांगणारी कमांड जो आकडा दाखवते तो कोअरचा, म्हणजे मुख्य चिपचा. या कार्डावर खरी गरम होते ती मेमरी, आणि तिच्या निम्म्या चिप्स पाठीमागच्या बाजूला. जीफोर्स कार्डावर मेमरीचं तापमान त्या कमांडला दिसतच नाही, वेगळं टूल लागतं. कोअर पासष्टवर निवांत दिसतो आणि मागे पत्रा तापलेला असतो. पॉवर लिमिट २५० वॅटवर आणलं की वेग थोडाच कमी होतो, उष्णता बरीच कमी होते. आणि बिलही.

बिलाचं गणित घरात मलाच सोडवावं लागतं. ३५० वॅटने आठ तास म्हणजे एकट्या कार्डाचे २.८ युनिट, प्रोसेसर, पंखे, पॉवर सप्लायची गळती वेगळी. महिन्याला तीनशे युनिट ओलांडले की पुढचा स्लॅब लागतो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात एसीमुळे आपण काठावरच असतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये मोठ्या परीक्षा बंद, हा घरचा नियम. त्यात गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली वीज जाते ती जातेच. हार्नेसमध्ये यूज-कॅश नावाचा पर्याय आहे, तो लावला की झालेली उत्तरं जपून राहतात आणि वीज आल्यावर पुढून सुरू होतं. तो न लावता मोठी परीक्षा सुरू करणाऱ्याला माझा नमस्कार.

आता मुख्य विषय. एमएमएलयूसारखी बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा या कार्डावर मस्त चालते. प्रश्न १४,०४२, प्रत्येकी चार पर्याय, म्हणजे ५६,१६८ वेळा विचारणा. पण मॉडेलला लिहायचं काही नसतं, कुठला पर्याय त्याला जास्त संभाव्य वाटतो एवढंच मोजायचं. वेळ खातात त्या लिहून उत्तर द्यायच्या परीक्षा. तिथे साध्या बॅकएंडवर (मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) रात्र पुरत नाही, व्हीएलएलएम हा वेगवान बॅकएंड लावला की झटक्यात उरकतं. ८बी मॉडेल, म्हणजे आत आठ अब्ज आकडे असलेलं, दर आकडा १६ बिटात ठेवला तर १६ जीबी घेतं, बसतं. १४बी १६ बिटात बसत नाही. ३२बी चार बिटांत दाबून कसंबसं बसतं. ७०बीचा विचारही करू नका.

क्वेनबद्दल एक कुरकुर. त्याच्या टोकनायझरमध्ये, म्हणजे मजकुराचे टोकन नावाचे तुकडे पाडणाऱ्या भागात, देवनागरीचे तुकडे फार पडतात, जेमाच्या मानाने तर खूपच. तोच मराठी प्रश्न, पण टोकन जास्त, म्हणजे वेळ जास्त, म्हणजे युनिट जास्त. गुणपत्रिकेत हा खर्च कुठेच दिसत नाही, महिन्याअखेरीला दिसतो.

पण माझं डोकं ज्याने खरं फिरवलं ती गोष्ट यातली कुठलीच नाही. ती आहे आकडे.

जीएसएम८के ही शाळकरी गणितांची परीक्षा माहीत असेल. तिच्या धर्तीवर मी दोनशे मराठी गणितं जमवली: शिष्यवृत्ती परीक्षेला असतात तशी, नफा-तोटा, शेकडेवारी, काळ-काम-वेग. टास्क फाइल, म्हणजे परीक्षा कशी घ्यायची ते हार्नेसला सांगणारी फाइल, जीएसएम८केचीच नक्कल करून घेतली. त्या फाइलमध्ये उत्तर उचलायच्या दोन चाळण्या आहेत. काटेकोर चाळणी चार हॅशच्या (####) पुढचा आकडा बघते, सैल चाळणी मजकुरातला शेवटचा आकडा उचलते. दोन्हींत 'आकडा' म्हणजे इंग्रजी शून्य ते नऊ. मूळ परीक्षा इंग्रजी, त्यामुळे तिथे त्यात काही वावगं नाही. मराठीत मात्र काय होतं बघा.

गणित होतं: १५ क्विंटल कांदा १,८०० रुपये भावाने विकला, हमाली-तोलाईचे २,७०० कापले, हातात किती? मॉडेलने पायरीपायरीने नीट सोडवलं, गुणाकाराची ओळ इंग्रजी आकड्यांत लिहून २७००० आणले आणि शेवटी सुबक मराठीत लिहिलं, "शेतकऱ्याच्या हातात २४,३०० रुपये पडतील." शेवटची ओळ देवनागरी आकड्यांत. सैल चाळणीला ती दिसलीच नाही. तिने इंग्रजीतले २७००० उचलले आणि चूक म्हणून खूण केली. काटेकोर चाळणीला तर काहीच सापडलं नाही. बरोबर उत्तराला शून्य गुण.

याचा कडेलोट असा की, जे मॉडेल जास्त सहज मराठी लिहितं तेच देवनागरी आकडे जास्त वापरतं, म्हणून तेच तळाला. इंग्रजीत विचार करून मोडकंतोडकं मराठी चिकटवणारं वर. गुणपत्रिका वाचून निवड केली असती तर नेमकं नको ते मॉडेल कामाला लागलं असतं. उत्तरं नोंदवून ठेवणारा लॉग-सॅम्पल्स पर्याय लावून एकेक उत्तर डोळ्यांनी वाचलं तेव्हा हे कळलं. नुसत्या तक्त्यात याचा मागमूस नसतो.

गंमत म्हणजे हार्नेस ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय त्या पायथनला देवनागरी आकड्यांचं वावडं नाही. तिच्या इंट या फंक्शनला '२४३००' दिलं तर गपगुमान संख्या करून देतं. अडवतो तो फक्त चाळणीतला शून्य-ते-नऊचा पट्टा. उत्तर चाळणीत जायच्या आधी आकडे बदलणारी एक ओळ घातली की निम्मं दुखणं जातं. उरलेलं निम्मं आपल्या भाषेचं: "अडीच तास", "पावणेदोनशे रुपये", "सव्वा किलो". सव्वा म्हणजे १.२५, पण सव्वाशे म्हणजे १२५, आणि साडेतीन हजार म्हणजे ३,५००. यासाठी वेगळा कोष्टक-कोड लिहावा लागला. सूचनेत 'उत्तर फक्त आकड्यात द्या' म्हणून बघितलं, तर काही मॉडेल्स पायऱ्याच गाळतात आणि उत्तर चुकवतात. 'शेवटच्या ओळीत फक्त आकडा' ही सूचना त्यातल्या त्यात बरी.

इथे माझं एक मत बदललं, ते नोंदवतो. चार बिटांत दाबलं की मराठी मरते, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो, कारण गुण तसे पडत होते. चाळणी दुरुस्त केल्यावर त्याच उत्तरांवर पुन्हा गुण काढले तर १६ बिट आणि चार बिट यांतला फरक त्रुटीच्या आत आला. दाबलेलं मॉडेल देवनागरी आकडे जास्त लिहीत होतं, एवढंच. दोनशे प्रश्नांत निम्मे बरोबर आले तर प्रमाण त्रुटी (प्रश्न थोडे असल्याने गुण योगायोगाने किती हलू शकतात त्याचं माप) साडेतीन गुणांची असते. दोन-तीन गुणांच्या फरकावर कोणी छाती फुगवू नये. बेलेबेले या उतारे वाचून उत्तरं द्यायच्या परीक्षेच्या मराठी भागात ९०० प्रश्न आहेत, तिथे सत्तर टक्क्यांच्या आसपास ही त्रुटी दीड गुणावर येते. तरीही एक-दोन गुणांनी 'जिंकलेलं' मॉडेल मी आता जिंकलेलं धरत नाही.

हा काही मराठीचाच भोग नाही म्हणा. २०२३ मध्ये हगिंग फेस या ओपन मॉडेल्सच्या संकेतस्थळाच्या गुणफलकावर लामा ६५बीला एमएमएलयूत ४८.८ टक्के पडले होते, परीक्षेच्या मूळ पद्धतीने मोजले की ६३.६. मॉडेल तेच, प्रश्न तेच. प्रश्न कसा मांडला आणि उत्तर कसं उचललं एवढाच फरक. तो फलक २०२५ मध्ये बंदच झाला. आणि एमएमएलयूचे प्रश्न तपासणाऱ्या २०२४ च्या अभ्यासात साडेसहा टक्क्यांच्या आसपास प्रश्नांतच चुका निघाल्या, विषाणुशास्त्राच्या तपासलेल्या प्रश्नांत तर निम्म्याहून जास्त.

तर हार्नेसला चारपैकी साडेतीन तारे. फुकट आहे, आवृत्ती पक्की धरून ठेवली तर शिस्तीत चालतं, मुभा भरपूर. इन्स्ट्रक्ट मॉडेल (सूचना पाळायला शिकवलेलं) असेल तर चॅट टेम्प्लेट, म्हणजे प्रश्न संवादाच्या साच्यात घालणं, लावून आणि न लावता असं दोन्ही बघा, गुण बरेच हलतात. कार्डाला तीन, पंख्याचे गुण कापून. दुकानाला शून्य, आणि ते चाळणीमुळे नव्हे.

नुसती ७-८बी मॉडेल्स चार बिटांत तपासायची असतील तर ३०९०च्या नादी लागू नका, १२ जीबीचं ३०६० पुरतं आणि वीजही निम्म्यात भागते. १६ बिट विरुद्ध चार बिट अशी तुलना करायची असेल तरच २४ जीबी घ्या, आणि घेताना दुकानात बसूनच अर्धा तास पूर्ण लोड देऊन पंखे बघा. मी सध्या एआय४भारत या संशोधन गटाच्या मिलू या भारतीय भाषांतल्या परीक्षेचा मराठी भाग लावायच्या तयारीत आहे. प्रश्न आपल्याकडच्या परीक्षांतले आहेत, त्यामुळे उत्सुकता आहे. आधी वीस प्रश्नांवर चालवून प्रत्येक उत्तर वाचणार, मग पूर्ण परीक्षा. तीही पाऊस सुरू होऊन एसी बंद झाल्यावर.