कुळागराच्या पंपावर एसटीएम३२एफ१०३ : उन्हाळाभराच्या वापरानंतर

फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरात पोफळींना पाणी देणाऱ्या पंपाचा कंट्रोलर उन्हाळाभर एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपवर चालला. मोटारीने जादा करंट ओढणे, जीएसएम मोडेमवर संदेश येणे आणि फ्लो मीटरचे पल्स या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी येऊ शकतात. त्यांतील कोणती आधी हाताळायची हे चिपच्या कॉर्टेक्स-एम३ गाभ्यातील एनव्हीआयसी (इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवायला लावणारे संकेत, हाताळणारा भाग) ठरवतो, आणि मी समाधानी आहे तो मुख्यतः त्याच्यावरच.

आधीचा कंट्रोलर एटीमेगा३२८पी या चिपवर होता. तिथे इंटरप्टचा क्रम व्हेक्टर तक्त्यातील (इंटरप्टच्या ठरलेल्या यादीतील) जागेनुसार कायमचा ठरलेला असतो, आणि एक हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा कोडचा तुकडा) सुरू असताना, आपण मुद्दाम मुभा दिल्याखेरीज, दुसरा मध्ये शिरू शकत नाही. इथे मात्र ४ बिटांमुळे प्राधान्याचे १६ स्तर मिळतात. आकडा जितका लहान तितके प्राधान्य वरचे, ही उफराटी रीत अंगवळणी पडायला वेळ लागतो. जादा करंटला मी ० हा स्तर दिला आहे. फ्रीआरटीओएस या छोट्या कार्यप्रणालीची फंक्शने त्या स्तरावरून बोलावता येत नाहीत, म्हणून तो हँडलर केवळ काँटॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सोडतो आणि एक खूण ठेवून परततो. तेवढेच पुरेसे आहे.

हँडलरमध्ये शिरताना आठ रजिस्टरे (गाभ्यातील चालू कामाची मूल्ये) हार्डवेअरच स्टॅकवर, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात, ठेवते. यास १२ क्लॉक सायकल लागतात असे सांगितले जाते, परंतु तो आकडा मेमरीला थांबावे लागत नसेल तेव्हाचा आहे. ७२ मेगाहर्ट्झवर फ्लॅशसाठी दोन वेट स्टेट (थांबण्याच्या सायकल) ठेवावे लागत असल्याने प्रत्यक्षात थोडे अधिक धरावे. पंपाच्या कामात हा फरक जाणवतही नाही.

प्राधान्याने सर्व काही सुटत नाही, हे मोडेमवर दिसते. १,१५,२०० बॉडला दर सुमारे ८७ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येतो आणि या चिपच्या यूएसएआरटीत (सिरियल पोर्टमध्ये) फिफो, म्हणजे आलेले बाइट साठवणारी रांग, नाही. आधीचा बाइट वेळेत उचलला नाही तर नवा हरवतो. तिथे स्तर वर चढवण्यापेक्षा डीएमए (गाभ्याला न थांबवता बाइट थेट मेमरीत नेणारी सोय) लावणे उत्तम. फ्लो मीटरचेही तसेच आहे. पेंडिंग बिट (इंटरप्ट हाताळायचा बाकी असल्याची खूण) एकच असल्यामुळे, वरच्या स्तराचा हँडलर चालू असताना आलेले दोन पल्स एकच मोजले जातात, आणि दिवसाअखेर पाण्याचा हिशेब कमी भरतो. ते पल्स थेट टायमरच्या काउंटरला जोडल्यावर इंटरप्टची गरजच उरत नाही.

बोर्ड खरेदी करताना एवढे पाहावे की, स्वस्त बोर्डांवर मूळ चिपऐवजी नक्कल बसवलेली आढळते.