जुनी केबिन क्रूझर घेताना: सी रे २८० सनडान्सर आणि तिचं ४९६ इंजिन

आधी निकाल सांगून टाकते. अमेरिकेतल्या चेसापीक बेवर (मेरीलँडला लागून असलेला मोठा उपसागर) शनिवार-रविवार चौघांनी मुक्काम करायचा, बोट मेरीलँडमध्येच ठेवायची आणि पन्नास हजार डॉलरच्या वर जायचं नाही, असा हिशेब असेल तर २००५ च्या आसपासची सी रे कंपनीची २८० सनडान्सर ही केबिन क्रूझर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली मोटरबोट, घ्या. फक्त तिची केबिन बघायला जाऊ नका. इंजिन आणि ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारा मागचा भाग) विकत घेतोय आणि केबिन वर फुकट मिळतेय, अशा बुद्धीने जा.

माझ्या नवऱ्याचं मन आधी याच कंपनीच्या लहान २६० वर होतं. तिची रुंदी साडेआठ फूट, त्यामुळे परमिट न काढता ट्रेलरवरून कुठेही नेता येते. मी विचारलं, ओढणार कशाने, आपल्या होंडा सीआरव्ही गाडीने? तिथे तो विषय मिटला. २८० रुंद आहे, ती पाण्यातच राहते किंवा यार्डात. त्या जास्तीच्या रुंदीमुळे आत दोन माणसं एकमेकांना ‘जरा सरक’ न म्हणता वावरू शकतात. पुढे त्रिकोणी बेड, मागे कॉकपिटखाली (वरची उघडी बसायची जागा) दुसरा. तिथे सरपटत जावं लागतं, मुलांना तेच आवडतं. स्वतंत्र संडास आहे. दिवसभर पाण्यावर राहायचं असेल तर माझ्या दृष्टीने ही पहिली अट, बाकी सगळं नंतर. सासूबाई नागपूरहून येतात तेव्हा मागच्या प्लॅटफॉर्मवरून लहानशा दारातून सरळ कॉकपिटमध्ये येतात, शिडी चढावी लागत नाही. ओटा नावापुरता, पोहे होतात, पोळ्यांचा नाद सोडला.

आता खरी गोष्ट. याच बोटीत बाजारात दोन प्रकार दिसतात: दोन ४.३ लिटरची व्ही-सिक्स इंजिनं, नाहीतर एकच मोठं मर्क्रूझर ४९६ मॅग, म्हणजे ८.१ लिटर, ३७५ अश्वशक्ती. मरिनावर ज्याला विचारावं तो म्हणतो दोन घ्या, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता. मी म्हणते, घरी येता हे खरं, पण मेकॅनिकचं बिलही दोनदा येतं. दोन ड्राइव्ह, दोन बेलोज (ड्राइव्हचे रबरी भाते), आणि एक्झॉस्टचे चार मॅनिफोल्ड, चार रायझर. शिवाय दोन इंजिनं शेजारी बसवली की बाहेरच्या बाजूच्या स्पार्क प्लगपर्यंत हात पोचवणं म्हणजे योगासनच. दोन इंजिनांचा खरा फायदा धक्क्याला लावताना होतो, एक पुढे एक मागे करून बोट जागच्या जागी फिरते. पण ४९६ ला ब्राव्हो थ्री ड्राइव्ह असतो, त्यावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे, म्हणजे प्रोपेलर. त्यामुळे रिव्हर्समध्ये बोट एका अंगाला पळत नाही. आम्ही एकच इंजिन घेतलं आणि सोबत टोइंगचं, म्हणजे बंद पडलेली बोट ओढून आणणाऱ्या सेवेचं, वार्षिक सदस्यत्व.

मी अलिबागची. लहानपणापासून मांडव्याच्या लाँचच्या डिझेलचा धडधडाट कानात बसलेला, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारला: डिझेल का नाही? अमेरिकेत या आकाराच्या बहुतेक जुन्या क्रूझर पेट्रोलवरच असतात. डिझेलवाली मिळाली तरी जड आणि महाग. पेट्रोल म्हटलं की इंजिनरूममध्ये वाफ साठण्याचा धोका आला. सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (ती वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवायचा, हे डॅशवर छापलेलंच असतं. ब्लोअर चालत नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत किल्लीला हात लावू नका.

इंजिनचे तास बघून लोक फसतात. आमच्या यादीत एक दुसऱ्याच कंपनीची २९ फुटी होती, फक्त २१० तास, आत नव्या गाडीसारखा वास. सर्व्हेयरने (घेण्याआधी बोट तपासणारा माणूस) लहान हातोडीने ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर, ठोकत नेलं, तर ड्राइव्हच्या भोवती टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला. मॉइश्चर मीटरनेही तेच सांगितलं. आतला प्लायवुड भिजलेला. इतके कमी तास म्हणजे ती वर्षानुवर्षं उभीच होती, आणि उभ्या बोटीचं रबर सुकतं, पाणी साचतं, गंज थांबत नाही. आम्ही घेतलेलीवर ५४० तास होते. पेट्रोल मरीन इंजिनाला मोठ्या दुरुस्तीआधी साधारण १,५०० तास मिळतात असं धरतात, म्हणजे अजून वाव आहे. डॅशवरच्या मीटरवर मात्र विसंबू नका. मेकॅनिक लॅपटॉप जोडून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, वाचतो. त्यात खरे तास दिसतात, कुठल्या आरपीएमला किती वेळ चालवलं ते दिसतं, आणि कधी तापून अलार्म वाजला असेल तर तेही.

मी विकणाऱ्याला आधी विचारते ते तासांबद्दल नाही, रायझर आणि मॅनिफोल्ड कधी बदलले याबद्दल. हे एक्झॉस्टचे बिडाचे भाग. त्यातून खारं पाणी फिरतं आणि ते आतून कुजतात. बाहेरून चकचकीत रंग, आतून पापुद्रे. एक दिवस पाणी झिरपून सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन संपतं. खाऱ्या पाण्यात पाच ते सात वर्षांनी ते बदलायचे असतात. आमच्या इंजिनाला क्लोज्ड कूलिंग आहे, म्हणजे ब्लॉकमधून कूलंट फिरतं. ते ऐकून मैत्रीण म्हणाली, मग काळजी नाही. काळजी आहे! आमच्या मॅनिफोल्डमधून अजूनही बाहेरचंच पाणी जातं. पावती दाखवत नसतील तर बदललेलेच नाहीत असं धरून भावातून पैसे कापा.

ब्राव्हो थ्रीचीही एक खोड आहे: स्टेनलेसचे दोन मोठे पंखे आणि ॲल्युमिनियमचा ड्राइव्ह, दोन्ही खाऱ्या पाण्यात. ॲनोड (स्वतः झिजून ड्राइव्ह वाचवणारे धातूचे तुकडे) संपले की गंज थेट ड्राइव्हवर. आमच्याकडे पाणी अर्धं खारं, अर्धं गोडं, म्हणून ॲल्युमिनियमचे ॲनोड लावतो; मॅग्नेशियमचे फक्त गोड्या पाण्यात चालतात. बोट शोअर पॉवरवर, म्हणजे धक्क्यावरच्या विजेला, जोडून ठेवणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (त्या तारेतून येणारा गंजाचा त्रास अडवणारं उपकरण) आहे का तेही बघा. बेलोज हा रबरी भाता बोटाने दाबून पाहा. तो फाटला तर बोट धक्क्यालाच बुडू शकते. ड्राइव्हचं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

सी ट्रायलच्या, म्हणजे बोट पाण्यात चालवून बघण्याच्या, दिवशी फोन करून सांगा की इंजिन आधी गरम करून ठेवू नका. पोचल्यावर हात लावून बघा. थंड इंजिन कसं सुरू होतं यातच निम्मं कळतं. मग टाकी आणि माणसं भरून पूर्ण थ्रॉटल द्या. ४९६ मॅगने ४,४०० ते ४,८०० आरपीएम गाठायलाच हवेत. गाठत नसेल तर पंखे चुकीचे असतील, तळाला शेवाळ-शिंपले असतील किंवा इंजिन दमलेलं असेल. कारण शोधल्याशिवाय सही करू नका.

खर्चाचं कुणी गोड बोलून सांगत नाही, मी सांगते. क्रूझिंगला तासाला सोळा-सतरा गॅलन पेट्रोल जातं. सेंट मायकल्स गावाला जाऊन आलो की नवरा पावती घडी करून खिशात ठेवतो, मला दाखवत नाही. सर्व्हेला बोटीच्या लांबीच्या फुटामागे पंचवीस-तीस डॉलर, मेकॅनिकची तपासणी वेगळी, मेरीलँडचा एक्साइज टॅक्स ५ टक्के. जीएमने ८.१ लिटरचं हे इंजिन २००९ मध्ये बंद केलं. त्यामुळे काही भाग शोधावे लागतात, पण अजून मिळतात.

घ्यायची असेल तर सप्टेंबर गाठा. ऑक्टोबरअखेरीस भाव आणखी पडतात हे खरं, पण तोवर बोटी हिवाळ्यासाठी बाहेर काढून, ब्लॉकमध्ये गुलाबी अँटीफ्रीझ भरून गुंडाळलेल्या असतात. मग सी ट्रायल मिळते थेट एप्रिलमध्ये, आणि ब्रोकर मात्र ॲडव्हान्स आत्ताच मागतो.