पुढच्या अ‍ॅक्सलचे वय ठरवून देणारी सेवा: मॉडेल टीच्या एका संचाचा अनुभव

जुन्या गाडीचे सुटे भाग घेताना विक्रेता सांगतो ते साल आणि प्रत्यक्ष लोखंड सांगते ते साल यांचा मेळ बसेलच असे नाही. फोर्ड मॉडेल टीच्या पुढच्या अ‍ॅक्सलचा एक संच माझ्याकडे ‘१९१७चा, सगळा मूळ’ अशा खात्रीने आला. त्यात अ‍ॅक्सलचा दांडा, दांड्याच्या टोकांना बसणारे, चाकांचा आस असलेले दोन स्पिंडल, दोन हब म्हणजे चाकांचे मधले तुंबे, आणि अ‍ॅक्सलला मागून तोलून धरणारा विशबोन एवढे भाग होते. तो माझ्या १९१७च्या गाडीला बसवायचा असल्यामुळे, छायाचित्रे आणि मापे पाहून भागांचे वय ठरवून देणाऱ्या एका सेवेकडे मी प्रत्येक भागाची माहिती पाठवली. त्या सेवेचे हे परीक्षण आहे.

सर्वांत आधी त्यांच्या प्रश्नावलीचे कौतुक केले पाहिजे, कारण ती भरतानाच माणूस बरेच शिकतो. भाग तारेच्या ब्रशने साफ करावा, पण ग्राइंडर लावू नये, अशी सूचना अगदी वरच दिलेली आहे. ती योग्यच आहे, कारण घडाईच्या खुणा आणि ठोकलेले आकडे एकदा घासले गेले की पुन्हा मिळत नाहीत. आटे पिच गेजने, म्हणजे आट्यांचे अंतर मोजणाऱ्या दातेरी पट्टीने, मोजून एका इंचात किती बसतात ते लिहायचे असते. स्पिंडल ज्या खिळीवर वळतो त्या किंगपिनचा व्यास व्हर्नियरने दोन ठिकाणी घ्यायचा असतो, एकदा बुश (स्पिंडलमधली झीज सोसणारी नळी) जिथे फिरतो तिथे आणि एकदा जिथे झीज पोहोचत नाही तिथे. माझ्या पिनवर बोट फिरवले तरी दोन्हींमधली पायरी हाताला लागत होती. झिजलेल्या जागेचे एकच माप पाठवले असते, तर पिन मुळातच बारीक बनवलेली आहे असा गैरसमज सहज झाला असता.

अहवालाचे खरे मोल मला एका गोष्टीत वाटले. तो संपूर्ण अ‍ॅक्सलला एक साल चिकटवून मोकळा होत नाही, तर प्रत्येक भागाला ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’ अशा दोन सीमा घालून देतो. मॉडेल टीचा विशबोन १९१९च्या बदलापूर्वी अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगाला जोडला जात असे, नंतर तो अ‍ॅक्सलच्या खालून जोडला जाऊ लागला. माझ्याकडचा विशबोन खालून बसणारा असल्यामुळे १९१७चा दावा तिथेच निकालात निघाला. हबच्या बाबतीत निष्कर्ष अधिक सावध होता आणि तो तसाच असायला हवा. एका हबमध्ये निमुळत्या रोलरचे बेअरिंग होते, म्हणून तो १९१९च्या आधीचा नाही. दुसऱ्यात गोळ्यांचे बेअरिंग होते, पण त्यावरून तो जुनाच असे म्हणता येत नाही, कारण फोर्डने १९१९नंतरही काही गाड्यांमध्ये गोळ्यांचे बेअरिंग चालू ठेवले होते. नव्या रचनेची खूण सापडली तर आधीची सीमा पक्की होते, मात्र जुन्या रचनेची खूण सापडली म्हणून नंतरची सीमा पक्की होत नाही. हा फरक मी मी म्हणणारे जाणकारही विसरतात, आणि अहवालात तो स्पष्ट मांडलेला पाहून मला मनापासून समाधान वाटले.

स्पिंडलची गोष्ट तर मी स्वतःच पाहायला हवी होती. दोन्ही स्पिंडल सपाट प्लेटवर शेजारी उभे केले, तेव्हा एकाचा आस दुसऱ्यापेक्षा सुमारे १ इंच वर असल्याचे नुसत्या डोळ्यांना दिसले. १९२६–२७च्या गाड्या बुटक्या करताना फोर्डने स्पिंडलचा आस असा वर घेतला होता. ही जोडी तशीच बसवली असती, तर गाडी एका बाजूला कललेलीच राहिली असती.

अहवालात दोष मात्र आहेत आणि त्यांतला एक गंभीर आहे. स्पिंडलवर ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायची छोटी तोटी, दिसतो, सबब तो भाग १९३०नंतरचा, असे पहिल्या अहवालात लिहिले होते. मॉडेल टीचे उत्पादन १९२७च्या मे महिन्यात बंद झाले, हे एवढे एकच साल आठवले असते तरी ही चूक झाली नसती. निपल आट्यांवर बसतो आणि मूळची तेलकुपी काढून त्या जागी तो कोणालाही, कधीही लावता येतो. त्यामुळे तो दुरुस्तीचा काळ सांगतो, भागाचा नव्हे. मी हरकत कळवल्यावर त्यांनी दुरुस्त अहवाल पाठवला आणि सबबी सांगितल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. दांड्याचे वर्णन एके ठिकाणी ‘ओतीव’ असे केले आहे, तेही चुकीचे आहे. दांड्याच्या कडेने जाणारी रुंद, छाटलेली शिवण घडीव लोखंडाची असते, ओतीव कामात ती बारीक रेघेसारखी राहते. दांड्याचे नेमके साल त्यांनी सांगितले नाही, पण पुरावा नसताना अंदाज ठोकण्यापेक्षा ते मला बरे वाटले.

भागाला तडा आहे की नाही याची तपासणी या सेवेत होत नाही, आणि ते प्रश्नावलीत ठळकपणे लिहायला हवे होते. ती मी तड्यांत शिरून त्यांना उठाव देणाऱ्या रंगद्रव्याच्या चाचणीने वेगळी करून घेतली. दांडा निर्दोष निघाला, म्हणून तो ठेवला आहे. वरून जोडणारा विशबोन आणि एकाच उंचीच्या स्पिंडलची जोडी यांचा शोध चालू आहे. ते मिळाले की त्यांची मापेही मी याच सेवेकडे पाठवीन, मात्र निपल असलाच तर तो काढून त्याखालच्या भोकातल्या आट्यांचे छायाचित्रही सोबत जोडीन.