न्यूयॉर्कच्या पिझ्झा टूर आणि पिझ्झा महोत्सव: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

न्यूयॉर्कमध्ये पावलोपावली पिझ्झा मिळत असताना तो खाण्यासाठी वेगळे पैसे मोजून टूर कशाला घ्यायची, असा प्रश्न ओळखीच्या मराठी मंडळींनी मला अनेकदा विचारला आहे, आणि तो रास्तही आहे. न्यूयॉर्कच्या नदीपलीकडच्या जर्सी सिटीत राहायला आल्यापासून गेल्या वर्षभरात मी पायी चालण्याच्या टूर केल्या, बसची टूर केली, तिकीट काढून पिझ्झा महोत्सवांना गेलो आणि मधल्या काळात शनिवार-रविवारी एकट्याने किंवा घरच्यांबरोबर बराच पिझ्झा खाल्ला. चांगल्या मार्गदर्शकाची एक पायी टूर अगदी सुरुवातीला घ्यावी, बसच्या टूरचा विचार दोनदा करावा आणि महोत्सवांकडून चवीची अपेक्षा ठेवू नये, असे माझे मत आता झाले आहे.

या शहरातल्या पिझ्झा टूरमधले सर्वांत ओळखीचे नाव स्कॉट वीनर यांचे असून त्यांनी २००८ मध्ये स्कॉट्स पिझ्झा टूर्स सुरू केली. आता तशा टूर देणारे इतरही आहेत. साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: साधारण तीन तास, एकाच भागातले तीनेक पिझ्झेरिया (पिझ्झाची उपाहारगृहे), प्रत्येक ठिकाणी माणशी एक स्लाइस, आणि चालता चालता मार्गदर्शकाचे बोलणे. तेवढा पिझ्झा आपण स्वतः विकत घेतला तर तिकिटाच्या मानाने फारच थोडा खर्च येईल, त्यामुळे आपण पैसे मोजतो ते मार्गदर्शकाच्या माहितीचे आणि त्याच्या ओळखीमुळे उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दाराचे, हे आधीच मनाशी पक्के केलेले बरे. पेये आणि शेवटची टिप तिकिटात धरलेली आहे का, हे नोंदणी करतानाच पाहावे.

ते दार उघडल्यावर सर्वांत आधी ओव्हन दाखवला जातो, आणि टूरचा खरा ऐवज तिथेच आहे. जुन्या पिझ्झेरियांत दगडी कोळशावर चालणारे विटांचे ओव्हन आहेत. लाकडासारख्या उंच ज्वाळा त्यात दिसत नाहीत, एका बाजूला निखाऱ्यांची रास असते आणि भट्टीची जमीन इतकी तापलेली असते की पिझ्झा काही मिनिटांतच बाहेर येतो. याउलट कोपऱ्यावरच्या स्लाइसच्या दुकानात गॅसवर चालणारा, आडव्या दगडी तळाचा पोलादी ओव्हन असतो. आमच्या मार्गदर्शकाने खिशातून तापमान मोजण्याचे इन्फ्रारेड यंत्र काढून त्या तळावर धरले, तेव्हा आकडा ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास होता, आणि एकाच तळाच्या मागच्या व पुढच्या भागात चांगलाच फरक होता. पिझ्झा करणारा माणूस लांब दांड्याच्या पाटीने पिझ्झा सारखा फिरवत का असतो, याचे उत्तर वेगळे सांगावे लागले नाही. कोळशाच्या ओव्हनचे तापमान याहून कितीतरी जास्त असते.

तापमानाचा हा फरक कळला की बाकीच्या गोष्टी आपोआप जुळत जातात. कोळशाच्या ओव्हनमध्ये पाणीदार ताजे मोझरेला चीज चालते, कारण पिझ्झा आत फार वेळ राहतच नाही. गॅसच्या ओव्हनमध्ये तो जास्त वेळ ठेवावा लागतो, म्हणून तिथे कमी पाण्याचे, थोडे मुरलेले मोझरेला किसून घालतात. स्लाइसच्या दुकानात काचेमागे मांडलेला पिझ्झा आपण मागितल्यावर पुन्हा ओव्हनमध्ये जातो. तो शिळा म्हणून परत तापवतात असे मी समजत होतो, पण त्या दुसऱ्या भाजणीतच तळ कडक होतो आणि स्लाइस हातात दुमडून खाता येते. स्वस्त, झटपट आणि उभ्या-उभ्या खाण्याची स्लाइस ही गॅसच्या ओव्हनची देणगी आहे. कोळशाच्या ओव्हनवाल्या जुन्या पिझ्झेरियांत बहुधा अख्खा पिझ्झाच घ्यावा लागतो. १९२९ पासून चालत आलेल्या जॉन्स ऑफ ब्लीकर स्ट्रीटच्या दर्शनी भागावर स्लाइस मिळणार नाही असे ठळक लिहिलेलेच आहे. ईस्ट हार्लेममधले १९३३ चे पॅट्सीज हा ठळक अपवाद, तिथे कोळशावरची स्लाइसही मिळते.

स्लाइस हातात आल्यावर ती आधी उलटी धरून तळ बघायचा, ही दुसरी सवय मला टूरने लावली. तळावर गडद-फिकट ठिपके समान पसरलेले आहेत का, कुठे कच्चा पांढरा डाग राहिला आहे का, पीठ चिकटू नये म्हणून टाकलेला रवा किंवा मक्याचे जाडसर पीठ जळून कडवट झाले आहे का, हे एका नजरेत कळते. आई-बाबा इथे आले असताना मी आईला हे सांगायला गेलो, तर तिने स्लाइस उचलून खालून पाहिली आणि “भाकरीला पोपडा सुटलाय, पण शेकली एकाच बाजूला आहे,” असा निकाल मार्गदर्शकाच्या आधीच देऊन टाकला.

मार्गदर्शक चांगला की सुमार, हे ओळखण्याच्या माझ्या दोन कसोट्या आहेत. पहिली म्हणजे लोम्बार्डीजची गोष्ट. जेनारो लोम्बार्डी यांनी १९०५ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवर अमेरिकेतला पहिला पिझ्झेरिया काढला, ही पाठ केलेली गोष्ट सगळेच सांगतात. परंतु पीटर रेगास या संशोधकाने जुनी कागदपत्रे आणि वृत्तपत्रे धुंडाळून २०१९ मध्ये असे मांडले की त्याच्या काही वर्षे आधीच फिलिपो मिलोने नावाच्या माणसाने या शहरात पिझ्झेरिया काढले होते आणि लोम्बार्डीजच्या जागेची सुरुवातही त्याच्याकडेच जाते. शिवाय आजचे लोम्बार्डीज १९९४ मध्ये त्याच रस्त्यावर, पण दुसऱ्या जागेत पुन्हा सुरू झालेले आहे. हे सारे सांगणारा मार्गदर्शक वाचणारा आहे असे समजावे. दुसरी कसोटी पाण्याची. न्यूयॉर्कचा पिझ्झा इथल्या नळाच्या पाण्यामुळे असा होतो, हे वाक्य इथे श्रद्धेने उच्चारले जाते. पाण्यातल्या क्षारांचा पिठावर थोडाफार परिणाम होतो हे खरे, पण पिठातल्या प्रथिनांचे प्रमाण, थंड जागी एक-दोन दिवस आंबवणे, ओव्हन आणि हाताची सवय यांच्यापुढे तो फारच किरकोळ आहे. पाण्याचे कौतुक करून पुढे सरकणाऱ्या मार्गदर्शकाकडून मी फारसे काही शिकलो नाही.

भाऊबंदकीच्या गोष्टी मात्र सगळेच रंगवून सांगतात, आणि त्या ऐकण्यासारख्या असतात. ब्रुकलिन ब्रिजच्या पायथ्याशी पॅट्सी ग्रिमाल्डी यांनी १९९० मध्ये पिझ्झेरिया उघडला, पुढे तो नावासह विकला, नव्या मालकाला ती जागा सोडून शेजारच्या इमारतीत जावे लागले, आणि ऐंशी ओलांडलेल्या ग्रिमाल्डींनी २०१२ मध्ये आपल्याच जुन्या जागेत आईच्या नावाने ज्युलियानाज सुरू केले. त्यामुळे आज ग्रिमाल्डीज आणि ज्युलियानाज शेजारी-शेजारी उभे आहेत आणि दोन्हींपुढे रांगा लागतात. आपल्याकडच्या ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाट्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

बसच्या टूरबद्दल माझे मत तितकेसे चांगले नाही. मी ज्या कंपनीची टूर घेतली तिचे नाव घेत नाही, कारण दोष बराचसा शहराच्या वाहतुकीचा आहे. लांबच्या भागांतले पिझ्झेरिया एका दिवसात पाहता येतात हे आकर्षण खरे, परंतु खाण्यापेक्षा जास्त वेळ बसमध्ये गेला, एका ठिकाणी स्वयंपाकघर दाखवण्याइतकी सवडच उरली नाही, आणि शेवटच्या थांब्यापर्यंत निम्म्या लोकांची भूक संपली होती. चार-पाच दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांना किंवा फार चालू न शकणाऱ्या ज्येष्ठांना ती सोयीची आहे. इथे राहणाऱ्याने सबवेचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, नकाशा घेऊन निघावे.

महोत्सवांचा अनुभव दोन टोकांचा आहे. एका तिकिटात हवा तेवढा पिझ्झा अशा जाहिरातीच्या एका कार्यक्रमाला मी गेलो, तिथे प्रत्येक मांडवापुढे लांब रांग, हातात पडणारा तुकडा दोन घासांचा आणि तोही खोक्यात बसून गार झालेला. पिझ्झा ओव्हनपासून दूर गेला की त्याचे काय होते, याचे प्रात्यक्षिक तेवढे झाले. वीनर यांनीच उभ्या केलेल्या स्लाइस आउट हंगर या उपक्रमाची गोष्ट वेगळी. शहरभरातल्या पिझ्झेरियांनी दिलेल्या स्लाइस एक-एक डॉलरला विकायच्या आणि जमलेले पैसे भुकेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना द्यायचे, ही त्याची मूळ पद्धत. गर्दी आणि गारवा तिथेही टळत नाही, परंतु पैसे कुठे जातात हे माहीत असल्याने मनात कुरकुर येत नाही.

शाकाहारी वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण टूरवाल्यांच्या दृष्टीने शाकाहारी म्हणजे मांस नसलेला पिझ्झा, एवढ्यावर विषय संपतो. पिझ्झावर शेवटी किसून घालतात ते पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) आणि पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटने बनते. मोझरेलात काय वापरले आहे ते कंपनीनुसार बदलते. वरून किसलेले चीज घालू नका, असे ऑर्डर देतानाच सांगितले तर बहुतेक ठिकाणी सहज ऐकतात. गोल सुरीने पेपरोनीचा (मांसाच्या मसालेदार चकत्यांचा) पिझ्झा कापून तीच सुरी चीजच्या पिझ्झावर फिरवतात, याचा ज्यांना त्रास होतो त्यांनी स्लाइसच्या दुकानाऐवजी अख्खा पिझ्झा मागवावा आणि सुरीबद्दल आधी बोलावे. चीजच नको असेल तर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेलाचा मारिनारा असतो. मात्र काही ठिकाणी त्यावर अँचोव्ही मासे घालतात, तेवढे विचारून घ्यावे. टूरच्या नोंदणीच्या वेळी हे सारे लिहून कळवले तर नीट सोय होते. ऐनवेळी सांगितले तर मार्गदर्शकाचा नाइलाज होतो, कारण पिझ्झा आधीच सांगून ठेवलेले असतात.

टूरनंतर स्वतः फिरण्यात जास्त मजा आहे. ब्रुकलिनमधल्या मिडवुड भागात १९६५ पासून असलेल्या डी फारामध्ये डॉमेनिको डीमार्को कात्रीने तुळशीच्या जातीची बेसिलची पाने पिझ्झावर कापत असत. ते २०२२ मध्ये गेले, तरी दुकान चालू आहे. ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाकडे १९३९ चे एल अँड बी स्पुमोनी गार्डन्स आहे, तिथला चौकोनी पिझ्झा चीज खाली आणि टोमॅटो वर अशा उलट्या क्रमाने रचतात. त्यामुळे पिठाचा वरचा थर किंचित ओलसर राहतो, आणि तो आवडणारे व न आवडणारे असे आमच्या घरातच दोन पक्ष पडले. साध्या स्लाइसची किंमत सबवेच्या भाड्याइतकी असते, असे निरीक्षण १९८० पासून इथे सांगितले जाते. नावाजलेल्या दुकानांत ती आता भाड्याच्या बरीच पुढे गेली आहे. काही जुन्या दुकानांत कार्ड चालत नाही, म्हणून रोख पैसे जवळ असावेत.

कोळशाच्या आणि लाकडाच्या ओव्हनवाल्यांपुढे आता धुराच्या नियमाचा प्रश्न आहे. जुन्या ओव्हनमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ टक्क्यांनी कमी करण्याची यंत्रणा बसवावी, असा शहराचा नियम २०२४ मध्ये लागू झाला. पिझ्झेरियावाल्यांच्या खर्चाची चिंता मला कळते, तरी त्याच गल्लीत वर राहणाऱ्यांचा विचार करता नियम गैर वाटत नाही.

टूर न घेता एका दुपारी हा फरक पाहायचा असेल तर जर्सी सिटीहून पाथ रेल्वेने ख्रिस्तोफर स्ट्रीटला उतरावे आणि ब्लीकर स्ट्रीट गाठावा. आधी कार्माइन स्ट्रीटवरच्या जोज पिझ्झात, १९७५ च्या परंपरेची गॅसच्या ओव्हनवरची साधी स्लाइस घ्यावी आणि लगेच जवळच्या जॉन्समध्ये जाऊन दोघांत एक लहान कोळशावरचा पिझ्झा मागवावा. दुपारी तीनच्या सुमारास गेल्यास दोन्हीकडे रांग कमी असते.